चौदा टॉप नेमके कुठे अडलेत?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नवख्यांसाठी आधी दोन शब्द: क्विल्ट म्हणजे तीन थरांची, आपल्या गोधडीसारखी; वर तुकड्यांचे ब्लॉक जोडून केलेला 'टॉप', मध्ये भरण, खाली अस्तर. तिन्ही थर टाक्यांच्या नक्षीने एकत्र शिवायचे ते क्विल्टिंग, आणि लाँगआर्म हे त्यासाठीचं मोठ्या फ्रेमवरचं मशीन. ओळख पटेल असा मजकूर गाळून थोडक्यात देते:

'मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. बारा वर्षं क्विल्ट्स करते आहे. कापड निवडणं, तुकडे कापणं, ब्लॉक जोडणं यात मला वेळेचं भान राहत नाही. पण टॉप जोडून झाला की गाडी अडते. वर्षाला तीनेक टॉप होतात, त्यातला एखाद-दुसराच पुरा होतो. आज कपाटात चौदा टॉप घडी घालून पडलेत. खाली बसून तिन्ही थर पसरणं आणि पिना लावणं आता गुडघ्यांना झेपत नाही. घरच्या मशीनखालून मोठी क्विल्ट ओढताना खांदे भरून येतात. मध्यंतरी एका प्रदर्शनात लाँगआर्म मशीन वीस मिनिटं चालवून पाहिलं. त्या रात्री झोप लागेपर्यंत माझी बोटं पांघरुणावर तीच वळणं काढत होती. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे, हातात थोडी रक्कम येईल. मुलीची खोली रिकामी आहे. ती म्हणते, "आई, तू स्वतःसाठी कधी काही घेतलं नाहीस, आता घे." नवरा म्हणतो, "घे, पण वापरशील ना?" बाहेरची कामं घेऊन पैसे वसूल करीन, असं मी त्याला सांगून ठेवलंय. दुसऱ्याकडे क्विल्टिंगला द्यायला मन धजत नाही. मग ती क्विल्ट माझी कशी राहणार? आणि त्या चौदांत एक निळ्या ताऱ्यांचा टॉप आहे, त्याला तर हात लावायचीच भीती वाटते. घेऊ का मशीन?'

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पण ते शेवटाकडे घेते. आधी ढिगाचं बोलू, कारण पत्राचा सगळा जोर ढिगावर आहे: चौदा टॉप साठलेत, म्हणून मशीन हवं. ते टॉप कशामुळे साठले, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, फक्त त्याच्याकडे नीट पाहिलेलं नाही.

टॉप जोडून झाल्यापासून क्विल्ट अंगावर घेईपर्यंत किती कामं असतात ती मोजा. अस्तर जोडून इस्त्री करायची, भरण कापायचं, तिन्ही थर सपाट पसरायचे, ते टाचायचे, मग क्विल्टिंग, मग कडा कापून सरळ करायच्या आणि शेवटी कडेची पट्टी. यातलं नेमकं कुठलं काम समोर आलं की तुम्ही टॉपची घडी घालून कपाट उघडता? पत्रात गुडघ्यांचं वाक्य आधी आहे आणि खांद्यांचं नंतर. माझा अंदाज असा की चौदांतले बरेचसे टॉप क्विल्टिंगपर्यंत पोचलेच नाहीत, ते जमिनीपाशीच अडलेत. जमिनीवर रांगत दर चार बोटांवर पिना लावायचा विचार मनात आला की पुढचं सगळं थांबतं.

हे खरं असेल, तर त्यावर लाँगआर्मपेक्षा बरेच लहान उपाय आहेत. दोन टेबलं जोडून, त्यांच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उंची कमरेपर्यंत आणा आणि थर तिथे टाचा. मधला भाग आधी, मग सरकवून बाजूचे. किंवा दोन लांब, सपाट फळ्या घ्या. एकीवर टॉप गुंडाळा, दुसरीवर अस्तर, दोन्हींची सुरुवात टेबलावर एकावर एक ठेवून मध्ये भरण घाला आणि थोडं थोडं उलगडत खुर्चीत बसून कच्चे टाके घालत जा. मोठ्या क्विल्टलासुद्धा एका टेबलाएवढी जागा पुरते आणि गुडघा जमिनीला टेकवावा लागत नाही. तिसरा उपाय फारसा कुणी सांगत नाही: लाँगआर्मवर काम करणारे बरेच जण नुसतं टाचूनही देतात. लांब लांब टाक्यांनी तिन्ही थर एकत्र बांधून मिळतात, आणि क्विल्टिंग तुम्ही घरी, तुमच्या हाताने करता.

यातला एक उपाय या महिन्यात दोन टॉपवर करून बघा, मशीनचा निर्णय त्यानंतर. ढीग हलायला लागला, तर अडचण कुठे होती ते कळेल. टाचून तयार असलेल्या क्विल्ट्सही तशाच पडून राहिल्या, तर तेही कळेल.

लाँगआर्म घेतलं तर टाचण्याचं काम सुटतं, हे मात्र खरंच आहे. फ्रेमला रोलर असतात, रोलरना जाड कापडाच्या पट्ट्या लावलेल्या असतात. अस्तर त्या पट्ट्यांना लावून ताणायचं, वर भरण, त्यावर टॉप. तिन्ही थर जागच्या जागी राहतात, एकही पिन मधे लागत नाही. जेवढं शिवून झालं तेवढं मागच्या रोलरवर गुंडाळायचं आणि पुढचं उघडायचं. घरच्या मशीनवर कापड सुईखाली फिरतं, इथे कापड स्थिर असतं आणि अख्खं मशीन चाकांवर त्याच्यावरून फिरतं. खांद्यांवरचा ओढाताणीचा भार जातो. हे सुख मोठं आहे आणि ते कमी लेखायची माझी इच्छा नाही.

पण आता थोडा हिशेब करू. चौदा टॉप हे तळं आहे. वर्षाला तीन टॉप हा त्यात येणारा ओढा. मशीन आलं, हात बसला आणि तुम्ही महिन्याला दोन क्विल्ट्स काढल्या, तर वर्षाच्या आत तळं कोरडं होईल. त्यानंतर? वर्षाला तीन. म्हणजे दहा फुटांची फ्रेम बाकीचे साडेदहा महिने खोली अडवून उभी. दहा वर्षांचं धरलं तर आधीच्या चौदा आणि नव्या तीस, अशा चव्वेचाळीस क्विल्ट्स. मशीन, फ्रेम, दोऱ्याचे कोन, सुया, पट्ट्या, देखभाल हे सगळं एकत्र करा आणि चव्वेचाळीसने भागा. मग तुमच्या सरासरी मापाची क्विल्ट बाहेरून करून घ्यायला काय पडतं ते विचारा. हे काम बहुतेक ठिकाणी चौरस इंचावर आकारतात. ६० × ८० इंचांची क्विल्ट म्हणजे ४,८०० चौरस इंच, ९० × १०० ची म्हणजे ९,०००. टॉप थोडा मोठा झाला तरी आकडा कसा उडी मारतो ते दिसेल. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. तेवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही, पण ते माहीत नसताना निर्णय घेणं बरं नव्हे.

निवृत्तीनंतर वेळ मिळेल, वर्षाला तीनाचे आठ टॉप होतील, असं तुम्ही म्हणाल. होतीलही. पण मग ते आधी होऊ द्यात. ओढ्याला पाणी वाढलेलं दिसलं की भागाकार पुन्हा करता येईल.

दुसरी गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण दुकानातल्या प्रात्यक्षिकात ती कळत नाही. लाँगआर्म हे तुमच्या मशीनचं मोठं भावंड नव्हे. ते वेगळं कसब आहे. घरच्या मशीनवर बारा वर्षं काढलेल्या बाईलाही तिथे पहिलीपासून सुरुवात करावी लागते. मी फ्रेमवर काम सुरू केलं तेव्हा पहिले तीन महिने माझी नक्षी कोपऱ्यात आली की टोकदार व्हायची, कारण मशीनचं वजन वळणावर पुढे ढकलतं आणि हात ते वेळेत अडवायला शिकलेले नसतात. गोल काढायला जावं तर बटाटा व्हायचा. टाक्यांची लांबी सारखी ठेवणारी यंत्रणा हल्ली बहुतेक मशीनमध्ये असते. हात हळू चालो की भरभर, इंचाला दहा ठरवले तर दहाच टाके पडतात. पण रेघ कुठे न्यायची हे ती ठरवत नाही.

आणि दोऱ्याचा ताण. घरच्या मशीनवर तो एकदा जुळला की आपण विसरतो. इथे दर वेळी दोरा बदलला, भरण बदललं की पुन्हा जुळवायचा. मशीन सगळ्या दिशांना पळतं, त्यामुळे एका दिशेला उत्तम दिसणारा टाका दुसऱ्या दिशेला बिघडलेला असू शकतो. क्विल्ट उलटी केली की वळणांच्या बाहेरून बारीक दोरे पापण्यांसारखे डोकावताना दिसतात, आणि तोवर दोन फूट पुढे गेलेलो असतो. म्हणून मी अस्तराच्या मोकळ्या कडेवर आधी एक गोल उजवीकडून आणि एक डावीकडून शिवते, खाली वाकून बोट फिरवून बघते, मगच टॉपवर जाते. हात फिरवताना खालचा दोरा ताठ तारेसारखा लागला तर वरचा ताण सैल आहे. ही परीक्षा दर क्विल्टला होते, कंटाळा आला तरी.

यंत्राचीही भीती जायला हवी. सुई सगळ्यात खाली जाऊन किंचित वर यायला लागते, त्या क्षणी तिच्या मागे दोऱ्याचा एक बारीक फास तयार होतो, आणि फिरत्या हुकचं टोक नेमक्या त्याच क्षणी तिथे येऊन तो फास उचलतं. एवढ्या बारीक मेळावर टाका उभा असतो. फ्रेमवर वापरायची मोजपट्टी पाव इंच जाड असते, म्हणजे ती मशीनच्या पायाखाली शिरत नाही. एका संध्याकाळी मी घाईत कापड कापायची पातळ पट्टी घेतली. ती पायाखाली सरकली, सुई तिच्यावर आपटली, तुकडा उडाला. नवी सुई घातली तर दर चौथा टाका गळत होता. सुईचा आणि हुकचा मेळ गेला होता. फोनवर सूचना ऐकत, हातात टॉर्च धरून, सुईखालची धातूची पट्टी उघडून हुकचे तीन स्क्रू सैल करून तो पुन्हा जुळवायला मला सव्वादोन तास लागले. क्विल्ट फ्रेमवर तशीच ताणलेली. घरचं मशीन उचलून दुरुस्तीला नेता येतं, दहा फुटांच्या फ्रेमवरचं नेता येत नाही. हुकला तेल, चाकांची साफसफाई, रुळांवरचा दोऱ्यांचा कचरा, हे सगळं आपलं आपण करायचं. तुम्हाला यंत्र उघडायला आवडत असेल तर यातही मजा आहे. आवडत नसेल, तर जिथून घ्याल तिथला माणूस किती वेळात येतो, हे मशीनच्या वेगापेक्षा आधी विचारा.

खोलीबद्दल. फ्रेम मावते का एवढंच बघून भागत नाही, फ्रेमभोवती माणूस फिरला पाहिजे. दोन्ही टोकांना दीड-दोन फूट तरी हवेत. कागदावरच्या नक्षीवरून लेझरचा ठिपका फिरवत शिवायचं असेल तर मशीनच्या मागच्या बाजूला उभं राहावं लागतं, म्हणजे तिथेही जागा लागते. दहा फुटांच्या फ्रेमवर साधारण १०० इंच रुंदीची क्विल्ट बसते. तुमचा सगळ्यात मोठा टॉप आजच मोजून ठेवा. जमीन समपातळीत नसेल तर मशीन उताराकडे आपसूक ओढ घेतं. खोलीच्या जमिनीवर जुन्या कागदांनी फ्रेमचा आराखडा चिकटवा आणि आठवडाभर त्याच्याभोवती वावरून बघा. मुलगी सुट्टीला आली की झोपणार कुठे, हेही त्या आठवड्यात कळेल. तिने 'घे' म्हटलंय ते मनापासूनच, पण खोली जाणार आहे हे तिच्या डोळ्यांसमोर आलंय का, ते एकदा विचारा.

शरीराचं एक राहिलं. ओढाताण जाते, पण उभं राहणं येतं. दोन-तीन तास सलग उभं राहिल्यावर तुमचे गुडघे काय म्हणतात, हे प्रदर्शनातल्या वीस मिनिटांत कळलेलं नाही. फ्रेमची उंची कोपराच्या पातळीला जुळवता येते, उंच स्टुलावर बसूनही थोडं काम होतं, तरीही हे अनुभवल्याशिवाय ठरवू नका. टेबलावर बसवलेलं, बसून चालवायचं लाँगआर्मही मिळतं आणि जागा कमी घेतं. तुमच्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. त्यात थर आधी टाचावेच लागतात आणि कापडही हातानेच फिरवावं लागतं. तुमच्या दोन्ही अडचणी तिथेच राहतात.

आता ते वचन, बाहेरची कामं घेऊन पैसे वसूल करण्याचं. ते कृपा करून मागे घ्या. बाहेरची कामं वाईट असतात म्हणून नव्हे. कित्येक जणी ती आनंदाने करतात आणि चांगलं कमावतात. पण त्यांनी तो धंदा म्हणून निवडलेला असतो. दुसऱ्याचा टॉप फ्रेमवर चढवलात की त्याच्या काठाला पडलेल्या लाटा तुमच्या होतात, त्याची तारीख तुमची होते, आणि नक्षी बहुतेक वेळा गिऱ्हाईक म्हणेल ती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीच ती. फ्रेमवर एका वेळी एकच क्विल्ट बसते. गिऱ्हाइकाची चढली की तुमची कपाटात. चौदांचा ढीग कमी करायला आणलेलं मशीन दुसऱ्यांचे ढीग कमी करू लागतं, हे मी जवळून पाहिलंय.

शिवाय तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की हे वचन तुमच्या नवऱ्याने मागितलेलंच नाही. त्यांनी विचारलं, 'वापरशील ना?' उत्तर तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं दिलंत. स्वतःच्या आनंदासाठी एवढी मोठी वस्तू घ्यायची तर तिने कमावून दाखवलं पाहिजे, असं आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मनात खोल रुजलेलं असतं. मुलीचं वाक्यही त्याच जागी जाऊन लागतं, उलट्या बाजूने. स्वतःसाठी काही घेण्याचा तुमचा हक्क पूर्ण आहे, त्यासाठी मशीनने एक पैसाही मिळवायची गरज नाही. पण हक्क आहे म्हणून हेच घेतलं पाहिजे, असंही नाही. त्याच रकमेत पुढची दहा वर्षं उत्तम कापड, उत्तम भरण, चांगला उजेड, उंच टेबल आणि दर वर्षी दोन-तीन क्विल्ट्स बाहेरून करून घेणं बसत असेल, तर तेही स्वतःसाठीच घेणं आहे. 'वापरशील ना?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं खरं उत्तर द्यायला काय करायचं ते पुढे सांगते.

'दुसऱ्याने क्विल्टिंग केलं तर ती माझी कशी?' हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थंबरलँडमधल्या ॲलनहेड्स भागात जॉर्ज गार्डिनर नावाचा एक दुकानदार आणि त्याच्याकडे शिकलेली एलिझाबेथ सँडरसन, ही दोघं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला निळ्या पेन्सिलीने टॉपवर नक्षी आखून द्यायची. लोक त्यांच्याकडे टॉप पाठवायचे, आखून आला की आपल्या हाताने शिवायचे. आखणारे हात एक, शिवणारे दुसरे, आणि घरात ती क्विल्ट शिवणाऱ्या बाईचीच म्हणून ओळखली जायची. सँडरसनच्या नावाने आजही ओळखलं जाणारं क्विल्टचं रूप ताऱ्याचं आहे, म्हणून तुमचा निळा टॉप वाचताना मला तीच आठवली. पूर्वी लाकडी चौकटीभोवती सात-आठ जणी बसून एकीची क्विल्ट शिवायच्या, तेव्हाही 'ही कुणाची' असा प्रश्न पडत नसे. कामाची वाटणी या कलेत पहिल्यापासून आहे. मशीनबद्दलचा संकोचही बऱ्याच अंशी सरलाय. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या पडूका इथल्या प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने क्विल्टिंग केलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मशीनकामाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. आज कित्येक प्रदर्शनांत दोघींनी मिळून केलेल्या क्विल्टसाठी वेगळा विभाग असतो, दोघींची नावं पाटीवर येतात. तुम्हीही क्विल्टच्या मागे चिठ्ठी शिवून दोन्ही नावं लिहू शकता.

तरीही द्यायला मन झालं नाही, तर त्या नकाराकडे नीट बघा. टॉप हरवेल, खराब होईल ही भीती आहे, की त्यावरच्या रेघा मलाच काढायच्या आहेत ही ओढ आहे? भीती असेल तर एखादा मनात न भरलेला टॉप देऊन बघितल्यावर ती जाते. ओढ असेल तर ती जाणार नाही, आणि तेव्हा मशीनचा विचार गंभीरपणे करावा लागेल.

म्हणजे पुन्हा तुमच्या बोटांपाशी आलो. झोप लागेपर्यंत बोटं पांघरुणावर वळणं काढत होती, हेच ते वाक्य. चौदा टॉप, रिकामी खोली, निवृत्तीची रक्कम, यातल्या एकाही कारणासाठी मी तुम्हाला मशीन घ्या म्हणणार नाही. या वाक्यासाठी कदाचित म्हणेन. क्विल्ट्स पुऱ्या व्हाव्यात असं वाटणं आणि क्विल्टिंग करावंसं वाटणं ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिलीला लाँगआर्म लागत नाही, लाँगआर्मवाली मैत्रीण लागते. दुसरीला लागतं. तुम्ही कोण आहात ते वीस मिनिटांवरून ठरत नाही. वीस मिनिटांत सगळ्यांचीच बोटं नाचतात.

माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका. निवृत्तीपर्यंत वर्ष आहे ना, ते वापरा. पुष्कळ ठिकाणी लहानसं प्रशिक्षण घेतल्यावर लाँगआर्म तासांवर भाड्याने वापरू देतात. तिथे चार टॉप पूर्ण करा. चार म्हणजे चारच, एका टॉपवर ठरवू नका. पहिल्याला सगळा वेळ गोंधळात जातो, दुसऱ्याला नुसती भीती कमी होते, तिसऱ्यापासून काम करायला आवडतंय का ते कळायला लागतं. प्रत्येक दिवशी घरी आल्यावर दोनच गोष्टी वहीत लिहा: किती तास उभी होते, आणि उद्या पुन्हा जावंसं वाटतंय का. पुढची तारीख ठरवताना तुमचं पाऊल आपसूक वळतंय की रेटावं लागतंय, हे वहीत दिसेल. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तीच वही. भाड्याने मशीन कुठेच मिळत नसेल, तर घरी जाड फळा घ्या आणि रोज दहा मिनिटं हात न उचलता नक्षी काढा, सलग, कोपऱ्यापर्यंत. महिन्याभराने फळा धूळ खात पडला असेल तर तेही एक उत्तर आहे.

बाहेर द्या, भाड्याने करा, की स्वतःचं घ्या, टॉपची तयारी सगळीकडे सारखीच लागते आणि निम्म्या तक्रारी तिथूनच उगवतात. काठाच्या पट्ट्या टॉपच्या कडेला धरून लावत जाऊ नका. टॉपची लांबी बरोब्बर मधून मोजा, पट्टी तेवढी कापा आणि मग पिना लावून बसवा. कडेवर मोजलं की पट्टी लांब होते, काठाला लाटा येतात, आणि ताणलेल्या फ्रेमवर त्या लाटांच्या चुण्या पडतात. 'क्विल्टिंगमध्ये जाईल सगळं' असं आपण स्वतःला समजावतो, ते जात नाही. काठ लहान तुकड्यांचा असेल तर कडेपासून एक दोरा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढ्या अंतरावर सरळ शिलाई मारून ठेवा, नाहीतर चढवताना शिवणी उसवतात. मागचे लोंबणारे गडद दोरे कापा, फिक्या कापडातून ते दिसतात. बटणं, मणी नंतर.

आणि चार टॉपनंतर वहीने 'हो' म्हटलं, तर वापरलेलं मशीन आधी बघा. पुष्कळ जणी दोन-तीन वर्षांत विकतात, बहुतेक वेळा ढिगासाठी घेतलेलंच. बघायला जाताना आपला थरांचा तुकडा आणि आपला दोरा न्या. दोन्ही दिशांनी गोल काढा, आडवी, उभी, तिरकी रेघ काढा, उलटं करून बघा. सुटे भाग अजून मिळतात का विचारा. रुळांवर हात फिरवा, खाच लागता कामा नये. टाक्यांची लांबी राखणारी यंत्रणा हवीच. संगणकावर चालणारं, आपोआप नक्षी शिवणारं मात्र तुमच्यासाठी नको. तुमच्या बोटांना जे हवंय तेच काम ते काढून घेईल. सुई आणि मागच्या खांबामधली जागा १८ ते २० इंच पुरे. तयार भाग त्याच जागेत गुंडाळत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात शिवायला मिळते ती पट्टी त्याहून काही इंच कमी, आणि जाड भरण असलं तर शेवटाकडे आणखी आक्रसते. हे ध्यानात ठेवूनच नक्षीची उंची ठरवा.

चारांचा क्रम तेवढा सांगते. पहिला चढवा तो तुम्हाला सगळ्यात कमी आवडणारा टॉप, छापील, गजबजलेल्या कापडाचा, दोरा टॉपच्याच रंगाचा. दुसरा मध्यम मापाचा. तिसऱ्यावर दोरा थोडा उठून दिसू द्या. निळ्या ताऱ्यांचा चौथा. त्याचं अस्तर मात्र आजच जोडून ठेवा, चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त.